देवाला द्यायचं लाकूड

मला आजही कुणी इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, की माझ्या तोंडून आधी निघतं, "माहीत नाही, बघतो." अर्थ चांगला ठाऊक असला तरी. घरातली माणसं हसतात, म्हातारा चळला म्हणतात. हसू देत बापडी. ही सवय माझी नव्हे, ती भिकाजीपंतांची. माणूस गेला, त्याची पगडी गेली, त्याचा तो जीवघेणा खोकला गेला, आणि हे एवढे तीन शब्द माझ्या गळ्यात अडकवून गेला. आता या वयात ते काढून कुठं टाकू?

भिकाजीपंत जव्हारच्या कचेरीत तर्जुमानवीस होते. ठाण्याहून इंग्रजीत येणारे कागद मराठीत करायचे आणि दरबारचे मराठी कागद इंग्रजीत करून ठाण्याला धाडायचे, हे त्यांचं काम. मी शेजारच्या बैठकीवर नक्कलनवीस. त्यांनी खरडलेलं सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचं, हे माझं. तेव्हा मी तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप होतो, पण पंतांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "काय अक्षरवाले, आलात का?" एवढंच.

पंतांइतका दमलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचं बिऱ्हाड उतारावर खाली, कचेरी वर. चढ संपवून ते पायरीवर टेकत, उपरण्यानं मान पुसत आणि म्हणत, "झालं. आता मला उठवू नका." मग दिवसभर अधूनमधून "दमलो बुवा" चालू. कागद वाचायच्या आधी दमलो, वाचून झाल्यावर दमलो, पान खाऊन दमलो. एकदा मी चिडून म्हटलं, "पंत, अजून टाक दौतीत बुडवला नाहीत, दमलात कशानं?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाले, "अहो, तिकडचं इकडे आणायचं आणि इकडचं तिकडे न्यायचं. हमाल आहे मी. ओझं दिसत नाही म्हणून तुम्हाला वाटतं, रिकामा बसलोय."

ओझं त्यांच्या डोक्यावर खरोखरीच असे. अडलेला शब्द ते चिठोऱ्यावर लिहीत, बारीक घडी करत आणि पगडीच्या पेचात खोचून ठेवत. शब्द आला की लागलीच अर्थ लिहायचा नाही, त्याला डोक्यावर घेऊन चार दिवस हिंडायचं, ही त्यांची रीत. कारभाऱ्यांनी घाई केली तरी यांचं उत्तर ठरलेलं, "माहीत नाही, बघतो." मग बाजारात कासाराजवळ उभे राहतील, विहिरीवर कुणाशी बोलतील, आणि चार दिवसांनी पगडीतून चिठोरं काढून म्हणतील, "घ्या, उतरला." त्यांची बायको माझ्या बायकोकडे कुरकुर करायची की इतरांच्या पगडीतून केस निघतात, आमच्याकडच्या पगडीतून कागदाचा कचरा निघतो.

त्यांच्याजवळ एक इंग्रजी शब्दकोश होता. चांगला जेवायच्या पाटाएवढा. तरुणपणी ते नाशकाला एका म्हाताऱ्या पाद्र्याला मराठी शिकवत, त्याच्या बदल्यात पाद्री त्यांना लॅटिन शिकवायचा. जाताना तो हा ग्रंथ यांना देऊन गेला. पुढची पानं नव्हती, मागची नव्हती, पुठ्ठा केव्हाच गेलेला. पंत तो घोंगडीच्या तुकड्यात बांधून ठेवत आणि सोडताना आधी हात धूत. त्यात प्रत्येक शब्दाचं मूळ दिलेलं असे. अर्थाच्या आधी ते मूळ वाचत. "माणूस भेटला की आधी गाव विचारतो ना आपण? तसंच हे," म्हणत. लॅटिन शब्द निघाला की त्यांच्या त्या दमलेल्या चेहऱ्यावर जरा उजेड यायचा. मग मला तो शब्द दोनदा म्हणायला लावत. मला काय कळणार? पण मी म्हणायचो. तेवढंच त्यांना बरं वाटायचं.

आणि एवढं सगळं झाल्यावर तर्जुमा पास करायचा कुणी, तर लाडक्यानं. लाडक्या आमचा शिपाई. वावर गावाकडच्या पाड्यावरचा, आम्हा दोघांपेक्षा वयानं मोठा, अक्षरशत्रू. पंत त्याला समोर बसवून तर्जुमा वाचून दाखवत आणि म्हणत, "आता तू मला सांग, काय कळलं." लाडक्यानं आपल्या बोलीत बरोबर सांगितलं तर कागद माझ्याकडे येई. नाही तर पंत कागद फाडत आणि "दमलो" म्हणत.

प्लेगाच्या वेळी 'क्वारंटीन' हा शब्द आला होता. पंतांनी मूळ काढलं, ते निघालं चाळीस. पूर्वी परक्या जहाजाला चाळीस दिवस बंदराबाहेर ठेवत म्हणे. पंत खूश झाले आणि जाहीरनाम्यात लिहून बसले, बाहेरगावाहून आलेल्यानं चाळीस दिवस वेशीबाहेर राहावं. लाडक्यानं ऐकलं आणि विचारलं, "साहेबाच्या कागदात चाळीस हाय का?" पंतांनी मूळ कागद पाहिला. त्यात दहा दिवस होते. लाडक्या म्हणाला, "मंग धा लिवा ना पंत. चाळीस दीस भाईर कोण जगंल, खायाचा काय त्यानं?" पंतांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, अगदी खरोखरीची. "मूळ म्हणजे अर्थ नव्हे, अक्षरवाले," ते मला म्हणाले. "गाव कळलं म्हणून माणूस कळत नाही. हे मला विसरू देऊ नका." मी हो म्हटलं होतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी काशी आली.

त्या वेळी एका ठेकेदाराकडे वावरच्या बाजूचा साग तोडायचं काम होतं. उतारावर एक मोठा ओंडका गाडीवर चढवताना दोर निसटला आणि ओंडका खाली रावजी नावाच्या गड्यावर गेला. रावजी जागीच संपला. काशी त्याची बायको. रावजीला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी ती त्या ओंडक्यावर जाऊन बसली. कुणाला हात लावू देईना. त्यांच्या पाड्याची रीत अशी की ज्यानं माणूस घेतला ते लाकूड देवाचं झालं. ते चुलीत जात नाही, घराला लागत नाही, बाजारात तर नाहीच नाही. देवाच्या दगडाशी नेऊन ठेवायचं आणि कुजू द्यायचं. नाही तर ते पुढचा माणूस घेतं. आणि ती गाडी हाकणार होता रावजीचाच धाकटा भाऊ, सोमा. ठेकेदारानं सोमाला दम भरला होता, माल पोचवला नाहीस तर तुझी गाडी-बैल जप्त. काशीचं म्हणणं एकच, एक गेला तो गेला, दुसरा देणार नाही.

ठेकेदारानं दावा लावला. माल अडवून ठेवला म्हणून. काशीला जव्हारला आणलं आणि निकाल लागेपर्यंत ती कचेरीच्या ओसरीवर बसून राहिली. तिकडे पाड्यावरची माणसं पाळीपाळीनं ओंडक्याजवळ बसत. ऐन नागली कापायचे दिवस ते. लाडक्याची बायको तिला भाकर आणून द्यायची.

न्यायाधीश आमचे म्हातारे, थंड डोक्याचे गृहस्थ. त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुला हवं काय?"

ती म्हणाली, "माना काय नको. ह्यो लाकूड देवाचा जाला. देवाला द्या."

"आणि ठेकेदाराचं नुकसान?"

"माजा मानूस गेला, त्याचा लाकूड गेला. आता आनखी कोनाचा काय नको जाया."

 मग न्यायाधीशांनी पंतांना सांगितलं, हिचा जबाब इंग्रजीत करा, ठेकेदाराचे वकील ठाण्याहून यायचे आहेत, प्रत त्यांनाही लागेल. बाहेर पडताना ते हळूच असंही म्हणाले, "भिकाजीपंत, पाड्याचा रिवाज आहे असं नीट स्वच्छ लिहा. रिवाजाला मान द्यायची इथे पद्धत आहे. मला पुरेल तेवढं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पंतांनीही ऐकलं.

आता यात अवघड काही होतं का? 'रिवाज' म्हणजे 'कस्टम', शाळेतल्या पोरालाही येईल. पण पंतांना ते पसंत पडेना. "कस्टम काय, पानसुपारीलाही म्हणतात. ही बाई म्हणते आहे ते त्याहून जड आहे," असं म्हणत त्यांनी चिठोऱ्यावर मराठीतच लिहिलं, 'देवाचं झालेलं लाकूड', आणि पगडीत खोचलं. तीन दिवस तसेच हिंडले. त्या तीन दिवसांत ते एकदाही दमलो म्हणाले नाहीत. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

चौथ्या दिवशी मी कचेरीत पोचलो तर पंत माझ्या आधी हजर. ग्रंथ उघडलेला, डोळे लाल, पगडी बाजूला काढून ठेवलेली. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

"अक्षरवाले, सापडला! इंग्रजांकडेही आहे! डिओडँड!"

"म्हणजे काय?"

"ज्या वस्तूनं माणसाचा जीव घेतला ती. गाडी असो, घोडा असो, झाड असो. ती राजानं जप्त करायची आणि धर्मकार्याला लावायची. आणि मूळ ऐका, मूळ! लॅटिन, देओ दांदुम. देओ म्हणजे देवाला. दांदुम म्हणजे द्यायचं. आपला देव, आपलं दान. अहो, ही काशी ओसरीवर बसून जे बोलते आहे ते शब्दाला शब्द लॅटिन आहे!"

 एवढा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर ना आधी पाहिला ना नंतर. उठून तसेच बोडक्यानं ओसरीवर गेले आणि काशीला म्हणाले, "बाई, तुझं काम झालं. साहेबाच्या देशातही तुझीच रीत आहे."  काशीनं विचारलं, "मंग लाकूड नेनार नाय ना?" पंत म्हणाले, "नाही नेणार."

रिवाजाप्रमाणे लाडक्याला बसवलं. पंतांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. लाडक्या डोकं खाजवत म्हणाला, "पंत, रीत आमची हाय. मंग साहेबाच्या देशातला कशाला आनता मधी? न्यायाधीश सायेब बोलले ना, आमचा लिवा म्हनून."

"अरे, तुझी रीत ठाण्याचा साहेब मानेल कशावरून? त्याची स्वतःची म्हटल्यावर तोंड उघडेल का तो?"

"त्याची म्हटली तर तो बोलंल ना, माजी हाय, माना म्हाईत."

पंत म्हणाले, "तुला नाही कळायचं." इतक्या वर्षांत लाडक्यानं नापास केलेला कागद पहिल्यांदा माझ्याकडे आला. मी बघितलं, वर ठळक अक्षरात डिओडँड, पुढे लॅटिन मूळ, पुढे इंग्लंडचा कायदा, पुढे मागणी की त्याच न्यायानं हे लाकूड देवाला द्यावं. पाड्याचा रिवाज खाली, एका ओळीत. मला चाळीस दिवसांची गोष्ट आठवली का? आठवली. ओठांवर आली होती. पण पंतांचा तो चेहरा! त्या चेहऱ्यावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं. मी टाक बुडवला आणि आयुष्यातलं सर्वांत देखणं अक्षर काढलं. लाज वाटते अजून.

ठाण्याचे वकील तरुण होते, गोरेपान, विलायतेला जाऊन आलेले. दुष्ट नव्हते. कागद वाचून त्यांना खरोखरीच हसू आलं.

"महाराज," ते न्यायाधीशांना म्हणाले, "हा कायदा होता खरा. पण विलायतेत तो रद्द होऊन आमच्या वडिलांचं वय झालं. राणीसाहेब गादीवर आल्या त्यानंतर थोड्याच वर्षांत. आगगाड्या सुरू झाल्या, माणसं चिरडायला लागली, आणि लोक म्हणायला लागले की आता इंजिन देवाला द्या! तेव्हा पार्लमेंटानं तो मोडीत काढला. हे बाईचे कागद स्वतःच म्हणतात ना की इंग्लंडचा न्याय लावा? माझी हरकत नाही. लावा. इंग्लंडचा न्याय असा आहे की लाकूड मालकाचं."

न्यायाधीशांनी पंतांकडे पाहिलं. "पंत, तुमचा ग्रंथ कधीचा?"

पंत उभे होते.  पहिली पानंच नव्हती त्या ग्रंथाला. तो कधी छापला हे त्यांनी इतक्या वर्षांत स्वतःला विचारलंच नव्हतं. प्रत्येक शब्दाचं गाव विचारणारा माणूस, ग्रंथाचं वय विचारायचं राहून गेलं. तो कायदा मेला त्याच्याही आधीचा होता तो ग्रंथ.

"माहीत नाही," पंत म्हणाले.

न्यायाधीशांनी आपल्या परीनं रिवाजाचा धागा धरून पाहिला, पण वकिलांनी बोट कागदावर ठेवलं. मागणीचा आधार काय लिहिलाय तो बघा, म्हणाले. लाकूड ठेकेदाराला मिळालं. काशीला समज देऊन सोडलं. लाडक्यानं तिला तिच्या बोलीत निकाल सांगितला. ती रडली नाही, ओरडली नाही. पदर झटकला, भाकरीचं फडकं घडी करून लाडक्याच्या बायकोला परत दिलं आणि उठली. पंत दाराशी होते. त्यांच्यासमोर थांबून म्हणाली, "तुमी बोलले होते, नेनार नाय." आणि चालायला लागली.

सोमानं ओंडका नेला. पुढचा माणूस वगैरे कुणी गेला नाही. ओंडका सुखरूप खाली उतरला, विकला गेला, त्याचं कुणाच्या तरी घराचं आढं झालं असेल. पण सोमा पाड्यावर परत आला नाही. देवाचं लाकूड हाकलेला माणूस तो, कुठल्या तोंडानं येणार? तिकडेच कुठे तरी मजुरीला राहिला. काशी म्हणाली होती, दुसरा देणार नाही. तिचा दुसराही गेलाच.

पंतांना कुणी बोललं नाही. उलट न्यायाधीशांनी पाठीवर हात ठेवला. पण ते पुन्हा दमायला लागले, आणि या दमण्यात आता तक्रारसुद्धा उरली नव्हती. नुसते बसत. पगडीत चिठोरं दिसेना. ठाण्याहून नवा कोश मागवला गेला, त्यात पाहून ते अर्थ लिहीत, तिथल्या तिथे, लागलीच. कारभारी खूश झाले, कामाला वेग आला म्हणाले.

नागली झोडून झाली असेल, थंडी पडली होती. एका रविवारी सकाळी पंत घोंगडीतला तो ग्रंथ खांद्यावर टाकून वावरच्या रस्त्याला लागलेले मला दिसले. सोबत लाडक्या. त्याला ओझं देत नव्हते. मला राहवेना, मीही निघालो. एवढी वाट, हा खोकला, आणि दर थोड्या अंतरावर टेकणं. कुठं चाललोय म्हणून मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पाड्याच्या वरच्या अंगाला एका झाडाखाली देवाचे दोन-तीन दगड, शेंदूर फासलेले. काशी तिथे झाडत होती. रोज झाडायची म्हणे, जागा रिकामी राहिली होती ना. पंतांनी घोंगडी सोडली. हात धुवायला पाणी मागितलं, तिनं लोट्यातून ओतलं. मग त्यांनी तो ग्रंथ उचलून दगडाशी ठेवला.

काशीनं विचारलं, "ह्यो काय?"

"देवाला द्यायला आणलाय."

"ह्यानं काय केला?"

पंत म्हणाले, "तुझं लाकूड यानंच नेलं."

ती ग्रंथाकडे बघत राहिली, मग पंतांकडे. मला वाटलं, आता हाकलून देईल. तिनं खाली बसून ग्रंथ दोन्ही हातांनी थोडा सरकवला, दगडापासून जरा बाजूला, ओंडक्याची जागा मोकळी राहील असा. बोटावर शेंदूर घेऊन उघड्या पानाला एक ठिपका लावला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि परत झाडायला लागली.

मी अगतिक होऊन म्हटलं, "पंत, पावसात भिजेल हो!" लाडक्यानं माझा दंड धरला. पंत वहाणा घालत होते. त्यांना आज वाकायलाही जमत नव्हतं.

 परतीच्या वाटेवर मी आदल्या दिवशीच्या एका कागदातला शब्द काढला, उगाच, त्यांना जुन्या वळणावर आणायला. म्हटलं, "पंत, त्या जंगलाच्या हुकुमात तो शब्द होता ना, त्याचं मूळ काय असेल?"

"माहीत नाही," पंत म्हणाले.

मी थांबलो. पुढचा शब्द येईल म्हणून त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. ते तसेच चढ चढत गेले, लाडक्याच्या खांद्यावर हात ठेवून. तेव्हापासून तो उरलेला शब्द मीच म्हणतो.